रॉयल नेव्ही की बॉम्बे मरीन?

अठराव्या शतकातल्या इंग्रज आरमारी अधिकाऱ्यावर कादंबरी लिहू पाहणाऱ्या मैत्रिणीचा प्रश्न: नायक राजाच्या आरमारात (रॉयल नेव्ही) घालू की ईस्ट इंडिया कंपनीच्या (बॉम्बे मरीन)?

बढती बघ. रॉयल नेव्हीत लेफ्टनंटच्या परीक्षेआधी सहा वर्षं समुद्रावर काढावी लागत, आणि ओळखीचा कॅप्टन असला तर वाट सोपी होई. प्रसिद्ध ॲडमिरल नेल्सन १२व्या वर्षी मामाच्या जहाजावर चढला, २०व्या वर्षी पोस्ट-कॅप्टन, म्हणजे पूर्ण दर्जाचा कॅप्टन, झाला. त्यापुढे मात्र सगळं ज्येष्ठतेवर. शांततेच्या काळात जहाजच मिळत नसे. नेल्सननेही १७८८ ते १७९३ अर्ध्या पगारावर गावी काढली. ही घुसमट कादंबरीला फार उपयोगी आहे.

बॉम्बे मरीनला तेवढा मान नव्हता. पण विल्यम जेम्सकडे बघ: १७४७ला कंपनीत, १७५५ला पेशव्यांच्या आरमारासोबत जाऊन तुळाजी आंग्र्यांचा सुवर्णदुर्ग घेतला, पुढे कंपनीचा अध्यक्ष. लंडनजवळच्या टेकडीवर पत्नीने त्याच्या स्मरणार्थ बांधलेल्या बुरुजाला नावही याच किल्ल्याचं दिलंय.

पैसा दोन्हीकडे लुटीतून. १७५६ला आंग्र्यांचा विजयदुर्ग पडला तेव्हा मोहिमेवर हुकूम रॉयल नेव्हीच्या ॲडमिरल वॉटसनचा होता, आणि लूट इंग्रजांनी मराठ्यांना वगळून आपसात वाटली. वॉटसन पुढच्याच वर्षी कलकत्त्यात वारला.

मोठी युद्धं, दर्जा आणि वाट पाहणं रंगवायचं असेल तर रॉयल नेव्ही घे. कोकण किनारा आणि आंग्रे हवे असतील तर बॉम्बे मरीन. मी तरी तेच निवडेन.