खताच्या गोडाऊनसाठी हँड पॅलेट ट्रॉली घेतली, सीझनभर वापरून काय वाटलं

आमचं नाशिकला आडगावकडे विद्राव्य खतांचं गोडाऊन आहे, नत्र-स्फुरद-पालाश १९:१९:१९, १२:६१:००, ०:५२:३४ वगैरे, सगळ्या २५ किलोच्या बॅगा. एरवी निवांत असतं पण द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी लागली की दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या दुकानदारांचे फोन सुरू आणि प्रत्येकाला माल आजच पाहिजे. इतके दिवस पाठीवर बॅग टाकून गाडी भरायचं काम चालायचं, यंदा अडीच टनाची हायड्रॉलिक हँड ट्रॉली घेतली. कंपनीचं नाव देत नाही, या साईजच्या सगळ्या ट्रॉल्या दिसायला-चालायला जवळपास सारख्याच असतात, फरक चाकात आणि नंतरच्या सर्व्हिसमध्ये.

आधी एक क्लिअर करतो, ही फोर्कलिफ्ट नाही. फोर्क, म्हणजे पुढचे दोन लोखंडी दांडे, खाली असताना साधारण ८५ मिमी आणि फुल वर २०० मिमीच्या आसपास, म्हणजे पॅलेट (बॅगा रचायचा फळ्यांचा पाट) जमिनीवरून सुटं करून ओढत न्यायचं, बस. थप्पीवर थप्पी चढवायला उपयोग शून्य. टेम्पोत माल अजून हातानेच चढतो कारण आमच्याकडे डॉक, म्हणजे गाडीच्या उंचीचा ओटा, नाही. वाचतो तो आतला फेरा. ४० बॅगांचं पॅलेट म्हणजे एक टन, तो टन मागच्या भिंतीपासून शटरपर्यंत एकटा माणूस आणतो, आधी त्याच टनाला ४० फेऱ्या व्हायच्या, संध्याकाळी पोरांच्या कमरेचं काय होत असेल तुम्हीच बघा.

आता चाकं, कारण खरी मेख इथेच आहे. नायलॉनची चाकं गुळगुळीत फरशीवर हलकी पळतात पण आवाज भयंकर आणि आमच्यासारखा जुना, पोपडे निघालेला कोबा असेल तर प्रत्येक खड्ड्यात हिसका बसतो. पीयूची (पॉलियुरेथेनची) चाकं मऊ, आवाज कमी, फरशीही खराब होत नाही, फक्त भरलेलं पॅलेट फोर्कवर तसंच रात्रभर ठेवलं तर चाक एका बाजूने चपटं होतं. दुकानदार म्हणत होता कुठलीही घ्या हो काही फरक पडत नाही. पडतो, पीयूच घ्या.

दुसरं म्हणजे पॅलेट. खालूनही फळ्या ठोकलेलं असेल तर फोर्कचे पुढचे रोलर नेमके त्या फळीवर येतात आणि उचलायला गेलं की फळीच उखडते. खालून मोकळं पॅलेट बघून घ्या, आणि फोर्कची रुंदी ५५० की ६८५ मिमी हे आपल्या पॅलेटवर टेप लावून ठरवा.

जागेचं मात्र नुकसान होतं हे कोणी सांगत नाही. ट्रॉली वळायला गल्ली लागते, त्यामुळे आधी कडेकडेने, मध्ये, जिथे सापडेल तिथे लावलेल्या थप्प्या काढाव्या लागल्या आणि गोडाऊनमध्ये माल कमी बसायला लागला. मालक आठवडाभर कुरकुरले. पण त्या निमित्ताने सीझनचा पळणारा माल शटरजवळ आला, पडून राहणारा मागे गेला, जुना लॉट पुढे ठेवायची शिस्त लागली, आणि खरं सांगू का, स्पीड वाढला त्यातला निम्मा वाटा या आवरासावरीचा आहे, ट्रॉलीचा नाही. आणखी एक फायदा, कॅल्शियम नायट्रेट हवेतला ओलावा ओढतं, पावसाळ्यात जमिनीवरच्या बॅगांचा दगड व्हायचा, पॅलेटवर ते बरंच कमी झालं.

खताची धूळ मात्र लोखंड खाते. बॅग फुटली की सांडलेलं लगेच झाडून घ्या, चाकांच्या बेअरिंगला नियमित ग्रीस मारा, नाहीतर जाम झालंच समजा. फोर्क वर जाईना तर लगेच मेकॅनिक बोलवू नका, बहुतेक वेळा आत हवा अडकलेली असते, हँडलवरचा लिव्हर फोर्क खाली सोडायच्या पोझिशनला धरून रिकामी ट्रॉली पंधरा-वीस वेळा पंप करा, सुटते.

उतारावर अजिबात नेऊ नका, साध्या ट्रॉलीला ब्रेक नसतो. शटरसमोर रॅम्प असेल तर तिथे टनभर माल घेऊन जायचं डोक्यातून काढून टाका.

माझ्याकडून ५ पैकी ४. एक कापला तो सर्व्हिससाठी, तेल गळायला लागलं तेव्हा सील किट (तेल अडवणाऱ्या सीलचा संच) आठ दिवस मिळालं नाही आणि ते पण ऐन छाटणीत, म्हणून बिल करायच्या आधीच किट हातात दाखवायला लावा.