मिनी ट्रॅक्टरसाठी जुना स्लॅशर घ्यायचा तर आधी खाली वाका

बागेत 18 ते 28 एचपीचा मिनी ट्रॅक्टर असेल आणि तणनाशकाचा खर्च नको असेल, तर तण कापायला स्लॅशरइतकं साधं अवजार दुसरं नाही. वर एक गिअरबॉक्स, त्यातून खाली येणारा उभा शाफ्ट, शाफ्टला थाळी, थाळीला दोन झुलती पाती आणि या सगळ्यावर पत्र्याचं झाकण. झालं. एवढं साधं असल्यामुळेच सेकंड हँड घेताना माणूस गाफील राहतो. नवा रंग बघतो, मागच्या चाकाला लाथ मारतो आणि इसार देऊन मोकळा होतो.

आमचं मत आधीच सांगतो. जुना रोटाव्हेटर घेण्यापेक्षा जुना स्लॅशर घेणं कधीही बरं, कारण तो मातीत चालत नाही, त्यामुळे झीज कमी. पण अट एकच: गिअरबॉक्स आणि खालचा शाफ्ट धड हवा. बाकी सगळं गावातला वेल्डिंगवाला दुरुस्त करू शकतो, हे दोन नाही.

नावांचा गोंधळ आधी मिटवू. दुकानात 'ब्रश कटर' म्हणालात तर खांद्याला अडकवायचं पेट्रोलचं यंत्र पुढे येतं. 'मल्चर' म्हणजे आडव्या रोटरवर पुष्कळ छोटी पाती किंवा हातोडे असलेलं अवजार. ते उसाचं पाचट आणि द्राक्षाच्या छाटणीची काडी बारीक करतं, ताकदही जास्त मागतं. स्लॅशर गवत, गाजर गवत, टाकळा, कोकणातली रानमोडी, कोवळी घाणेरी आणि अंगठ्याएवढ्या जाडीची झुडपं कापतो. एप्रिल छाटणीच्या काडीचा भुगा व्हावा म्हणून स्लॅशर घेणार असाल तर घेऊ नका. तो काडी तोडतो, भुगा करत नाही.

रुंदीचा हिशेब सोपा आहे. दर फुटाला पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे अवजार फिरवणाऱ्या शाफ्टवर, साधारण 5 एचपी धरा. इंजिनचे एचपी नव्हे, पीटीओचे. ते त्याहून कमीच भरतात, कधी चार-पाचनेही. म्हणजे 24 एचपीच्या ट्रॅक्टरला 4 फूट, 18च्या ट्रॅक्टरला 3 फूट, आणि 5 फुटी यंत्र 28 ते 30 एचपीच्या खाली घेऊच नये. दुसरं माप टायरचं. मागच्या टायरांचं बाहेरून बाहेर अंतर मोजा. स्लॅशर त्याहून दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच तरी जास्त हवा, नाहीतर चाकाखाली आडवं पडलेलं गवत तसंच राहतं. द्राक्षाच्या 9 फुटी ओळीत 4 फुटी यंत्र जाता-येता दोन फेऱ्यांत काम उरकतं आणि बुडाशी ठिबकच्या नळीला शिवतही नाही.

आता पीटीओच्या वेगाचं, कारण इथे मिनी ट्रॅक्टरवाले हमखास फसतात. स्लॅशरचा गिअरबॉक्स पीटीओच्या मिनिटाला 540 फेऱ्यांसाठी बनवलेला असतो आणि तो वेग कमी करत नाही, वाढवतो. 1:1.46 हे नेहमीचं प्रमाण. म्हणजे 540ला पाती सुमारे 790 फेऱ्या मारतात आणि 4 फुटी यंत्रात पात्याचं टोक ताशी 180 किलोमीटरच्या आसपास धावतं. पण कुबोटा बी 2441ला 540 आणि 980 असे दोन वेग आहेत, तर महिंद्रा जिवो 245ला 605 आणि 750. चुकून 980च्या गिअरमध्ये स्लॅशर लावला तर तेच टोक सव्वातीनशेच्या वर जातं. बेअरिंग आणि पात्याचे बोल्ट त्यासाठी बनलेलेच नसतात. जिवोवर 605चाच गिअर वापरा आणि थ्रॉटल थोडं उतरवून चालवा. विकणाऱ्याचा ट्रॅक्टर कोणता, हे म्हणूनच विचारायचं. वरच्या गिअरवर चालवलेला स्लॅशर बाहेरून चकचकीत असला तरी आतून थकलेला असतो.

जुन्या बाजारात दोन जातीचा माल दिसतो. एक कंपनीचा, ओतीव गिअरबॉक्सचा. दुसरा स्थानिक वर्कशॉपमध्ये बनवलेला, ज्यात कधी जुन्या रोटाव्हेटरचा किंवा गाडीच्या डिफरन्शियलचा गिअरबॉक्स बसवलेला असतो. वर्कशॉपचा माल वाईटच असं नाही, पत्रा तर कित्येकदा कंपनीपेक्षा जाड असतो. पण मूळचा गिअरबॉक्स वेग कमी करणारा असेल तर पाती गवत कापत नाहीत, झोडपतात. हे ओळखायला मेकॅनिक लागत नाही. ट्रॅक्टरपासून शाफ्ट सोडवा, एका पात्यावर खडूने खूण करा आणि गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट हाताने बरोबर 10 वेळा फिरवा. पात्याच्या 14 ते 15 फेऱ्या झाल्या पाहिजेत. काही यंत्रांत 19 भरतात, तेही ठीक. 10हून कमी झाल्या तर तो स्लॅशर नाही, त्याला राम राम करा.

यंत्र उचलून खाली बघायचं ते नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर कधीच नाही. खाली लाकडी ठोकळे किंवा घोड्या लावा, ट्रॅक्टर बंद करा, चावी खिशात ठेवा. मग वाका.

पहिली नजर थाळीच्या वर, जिथे शाफ्ट गिअरबॉक्समधून बाहेर येतो तिथे टाका. गवताचा सुका गोळा चिकटलेला असेल तर तो नखाने किंवा पक्कडीने काढायला लावा. आत बहुतेक वेळा सुतळी, मल्चिंग पेपरची दोरी झालेली पट्टी किंवा ठिबकची नळी गुंडाळलेली सापडते. हीच खालच्या ऑइल सीलची, म्हणजे शाफ्टभोवती तेल अडवणाऱ्या कड्याची, वैरी. ती शाफ्टबरोबर फिरत वर सरकते, सीलची कड खाते आणि तेल थेंबाथेंबाने गळायला लागतं. तेल गळतंय हे वरून कोणाला दिसत नाही, कारण ते गवतावर पडतं. शेवटी गिअरबॉक्स कोरडा चालतो आणि एक दिवस दात उडतात. सील स्वतः स्वस्त असतं. पण बरेच दिवस गळत असेल तर शाफ्टवर जिथे सील बसतं तिथे खाच पडते, आणि मग नवं सीलही महिनाभरात गळतं. म्हणून बोट फिरवून बघा: नखाला खाच लागली तर शाफ्ट लेथवर नेण्याचा खर्च किमतीतून वजा करा.

मग दोन्ही हातांनी थाळी धरून वर-खाली आणि आडवी हलवा. किंचित प्ले, म्हणजे ढिलाई, चालते. टकटक आवाज आला तर बेअरिंग गेलं किंवा खालचा कॅसल नट (पिन अडकवायला खाचा असलेला नट) सैल आहे. नटात स्प्लिट पिन आहे का तेही बघा. तिच्या जागी खिळा किंवा बाइंडिंग वायर दिसली तर मालकाने बाकीची निगाही तशीच राखली असणार.

गिअरबॉक्सचा वरचा बूच उघडा. तेल 90 नंबरचं, मधाच्या रंगाचं किंवा काळपट असेल तर ठीक. दुधासारखं पांढरं म्हणजे पाणी शिरलंय; यंत्र पावसात उघड्यावर ठेवलेलं. पातळ काडी बुडवून तेल बोटांवर चोळा आणि उन्हात धरा. बारीक चमक चालते, पण कण टोचत असतील तर सौदा तिथेच थांबवा. आणि तेल अगदी कालच भरल्यासारखं स्वच्छ असेल तर का बदललं ते विचारा. कधी कधी आवाज दाबायला तेलाऐवजी ग्रीस कोंबलेलं असतं. ते तर सरळ नकाराचं कारण.

पाती झिजलेली असतील तर घाबरायचं कारण नाही, ती बदलतातच. बघायची ती त्यांची भोकं. गोल भोक अंडाकृती झालं असेल तर बोल्टही आतून कापला गेलेला असतो. पातं हाताने ढकललं की मोकळं झुललं पाहिजे, कारण दगड लागला की ते मागे सरकावं यासाठीच ती रचना आहे. गंजून जाम झालेलं पातं तो धक्का सरळ गिअरबॉक्सला देतं. एक पातं नवं आणि एक जुनं अशी जोडी दिसली तर दोन्ही किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. वजन सारखं नसेल तर यंत्र थरथरतं आणि वेल्डिंगला तडे जातात. धार साधारण 45 अंशांची असते आणि कडेला दीडेक मिलिमीटर बोथट ठेवायची असते. वस्तऱ्यासारखी धार केलेलं पातं पहिल्याच मुरमाला दातेरी होतं.

पत्र्यात एकच जागा महत्त्वाची: गिअरबॉक्स ज्या प्लेटवर बसतो तिच्या चार बोल्टांभोवती. तिथे केसाएवढा तडा असला तरी तो वाढणारच. पट्टी ठोकून वेल्डिंग केलेलं असेल तर वरून नाही, खालून बघा. कडेचा पत्रा वाकलाय, स्किड (खालच्या घसरपट्ट्या) झिजलेत, मागच्या चाकाची बुश सैल झालीय, यात घासाघीस करा, पण त्यासाठी यंत्र सोडू नका.

पीटीओ शाफ्ट यंत्राबरोबरच मिळाला पाहिजे आणि तो तुमच्या ट्रॅक्टरला बसला पाहिजे. ट्रॅक्टरच्या बाजूला 6 दातांचा, 35 मिमीचा शाफ्ट हे नेहमीचं माप. यंत्र पूर्ण खाली आणि पूर्ण वर असताना मोजा: सगळ्यात लांब असताना नळ्या एकमेकींत किमान एक तृतीयांश तरी हव्यात, सगळ्यात आखूड असताना इंचभर मोकळी जागा उरली पाहिजे. मोठ्या ट्रॅक्टरवरचा लांब शाफ्ट मिनीला लावला तर यंत्र उचलताना तो गिअरबॉक्सवर टेकतो आणि बेअरिंग फोडतो. शिअर बोल्टच्या, म्हणजे जास्त ताण आला की मुद्दाम तुटणाऱ्या बोल्टच्या, जागी काय आहे ते बघा. डोक्यावर 10.9 कोरलेला कडक बोल्ट असेल, तर तुटायचं काम बोल्टऐवजी गिअरच्या दातांनी केलेलं असण्याची शक्यता मोठी.

ट्रॅक्टरला यंत्र जोडायच्या लिंकच्या पिना कॅटेगरी 1 या मापाच्या हव्यात: खालच्या 22 मिमी, टॉप लिंकची 19. वजनाचं मात्र कागदावर जाऊ नका. लिफ्टची 500 ते 750 किलोची क्षमता लोअर लिंकच्या टोकाशी मोजलेली असते, आणि स्लॅशरचं वजन तिथून दोन-अडीच फूट मागे लोंबतं. पुढचं टोक हलकं होतंय असं वाटलं तर पुढे वजनं लावावी लागतील.

सिंगल क्लचचा (चाकं आणि पीटीओ दोन्हींना एकच क्लच) ट्रॅक्टर असेल तर ओव्हररनिंग क्लच, म्हणजे पात्यांचा जोर उलटा ट्रॅक्टरकडे जाऊ न देणारा जोड, स्लॅशरबरोबर आहे का विचारा, नसेल तर वेगळा घ्या. क्लच दाबला तरी फिरणारी जड पाती पीटीओमधून चाकांना पुढे ढकलत राहतात. बांधाच्या टोकाला ट्रॅक्टर थांबत नाही, हे कळायला एक ओळ पुरते, आणि ती ओळ द्राक्षाच्या तारेत संपते.

शेवटी चालवून बघा, 540ला, गवतात, निदान दहा मिनिटं. मोकळं चालताना सगळी यंत्रं गोड वाटतात. जवळ कोणी उभं राहू नये. मागच्या साखळ्या किंवा रबरी पट्टे नसतील तर दगड गोळीसारखा सुटतो. थांबवल्यावर गिअरबॉक्सला हाताची पाठ लावा: कोमट चालेल, चटका नको. पीटीओ बंद केल्यावरही पाती बराच वेळ फिरतात, ती आपोआप हळूहळू थांबली पाहिजेत. ती पूर्ण थांबेपर्यंत खाली बघू नका.

वरच्या सगळ्यात पास झालेल्या यंत्राला नव्याच्या निम्म्यापर्यंत किंमत द्यायला हरकत नाही. सील गळतंय पण शाफ्ट गुळगुळीत आहे, तर एक तृतीयांश. गिअरबॉक्समध्ये टोचणारे कण असतील तर भंगाराचा भाव, तोही पत्रा जाड असला तरच. यंत्र अनुदानावर घेतलेलं असेल तर मूळ बिल आणि नंबरची प्लेट जुळवा, विकण्याबाबतची अटही बघून घ्या.

घरी आणल्यावर पहिल्या दिवशी तेल बदला, पीटीओ शाफ्टच्या सांध्यांतल्या क्रॉसना ग्रीस द्या, पात्यांचे आणि गिअरबॉक्सचे बोल्ट आवळा. दोन तास चालवून पुन्हा आवळा. पात्याचा बोल्ट त्या दुसऱ्या वेळी पाव फेरी तरी फिरतोच.