मुलगी झाली तरी पेढेच: दांडिया बाजारातल्या एका मिठाईवाल्याबद्दल

गेल्या महिन्यात माझ्या लेकीला दुसरी मुलगी झाली. बाळंतपणाला ती माहेरी, म्हणजे बडोद्यातच आमच्याकडे आली होती. वजन तीन किलो शंभर, जन्मल्याबरोबर खणखणीत रडली, पहिल्याच दिवशी दूध ओढायला लागली. दोघी सुखरूप आहेत हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं आणि मी दवाखान्यातूनच पेढे आणायला निघाले.

वाटेत होतं म्हणून आधी एका मोठ्या, काचांच्या, थंडगार दुकानात शिरले. सहा किलो पेंडे सांगितले. (बडोद्यातली आम्ही मराठी माणसं घरात पेढे म्हणतो, दुकानात पेंडे.) काउंटरवरच्या माणसाने वही पुढे ओढली आणि विचारलं, "शुं आव्युं, बेन?" (काय झालं, मुलगा की मुलगी?) मी म्हटलं, "दीकरी," म्हणजे मुलगी. त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. "दीकरी आवी होय तो जलेबी लई जाव ने, बेन."

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, रोज शंभर जणांना सांगतो तेच त्याने मलाही सांगितलं. जिलेबी मला आवडतेही. पण मुलाचे पेढे आणि मुलीची जिलेबी नाहीतर बर्फी, हा हिशेब मी जन्मापासून ऐकत आले आहे. त्यात ही दुसरी मुलगी. सकाळपासून फोनवर तीन जणांनी "असू दे, लक्ष्मीच आहे" म्हणून माझी समजूत काढली होती. पहिलीच्या वेळी "पहिली बेटी, धनाची पेटी" ऐकून घेतलं होतं. समजूत काढायला आमच्याकडे कोणाला काय झालं होतं? मी काही न घेता बाहेर पडले.

तिथून रिक्षाने दांडिया बाजारात आले. ज्या दुकानाबद्दल लिहायला बसले आहे ते मुख्य रस्त्यावर नाही, आतल्या गल्लीत आहे. दोन शटरचं, पाटीवरची अक्षरं उन्हाने पार उडून गेलेली. मालक सत्तरीच्या घरातले, मराठी. त्यांचे आजोबा सयाजीराव महाराजांच्या काळात साताऱ्याकडून इथे आले. मी म्हटलं, "नात झाली, सहा किलो पेढे हवेत." त्यांनी आधी विचारलं, "बाळ-बाळंतीण बरी आहे ना?" मग विचारलं, "कधी लागणार?" तिसरा प्रश्न नाही. वहीत लिहिलं, पाचशे रुपये आगाऊ घेतले आणि दुसऱ्या दिवशी अकराला या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी दहालाच गेले, कारण मला कढई बघायची होती. आत एक मुलगा खवा भाजत होता. म्हशीच्या दुधाचा खवा, मंद आच, उलथनं एकदाही थांबत नव्हतं. खवा तांबूस झाला, कडेने तूप सुटलं, तशी त्याने कढई उतरवली आणि परातीत पसरून ठेवली. साखर घातली नाही. मी विचारलं तर म्हणाला, "गरम खव्यात साखर टाकली की पाणी सुटतं, काकू, मग पेढा वळत नाही. हात लावता आला पाहिजे, तेव्हा पिठीसाखर." वीस मिनिटं परात तशीच. मग साखर, वेलची, आणि दोन बायका वळायला बसल्या. गोळा तळहातावर एकदा फिरवायचा, मध्ये अंगठा दाबायचा, झालं. एकीचा अंगठा बारीक, दुसरीचा रुंद. खोक्यात पेढे बघून ओळखता येतं की कोणता कोणी वळला.

चव सांगते. साखर कमी, खव्याची कणी जिभेला लागते, वेलची मागून येते. रावपुऱ्यातल्या दुलीरामच्या पेंड्याचं नाव सगळ्या बडोद्याला माहीत आहे, हा पेढा त्या जातीचा नाही. हा घरगुती चवीचा, जरा जास्त भाजलेला. बाहेर ठेवून तीन दिवस उत्तम राहिला, चौथ्या दिवशी कोरडा पडायला लागला. किलोमागे 560 रुपये, एका किलोत 48 ते 50 नग. वजन करताना रिकामं खोकं आधी काट्यावर ठेवून शून्य केलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

मला हे सगळं एवढं का लागलं, ते सांगायला हवं. 2015 च्या उन्हाळ्यात मी मुलाकडे लंडनला होते. 2 मे रोजी, शनिवारी सकाळी 8.34 ला पॅडिंग्टनच्या सेंट मेरी रुग्णालयाच्या लिंडो विंगमध्ये ब्रिटनचा राजपुत्र विल्यम याच्या बायकोला, केटला, मुलगी झाली. त्यांचं हे दुसरं मूल, मुलगा जॉर्जच्या पाठचं. त्याआधी कितीतरी दिवस लोक रुग्णालयाबाहेर झेंडे घेऊन मुक्कामाला होते. त्या बसलेल्या लोकांना या दोघांनी पेस्ट्रीचे खोके पाठवले होते, गुलाबी फीत बांधून. बाळ व्हायच्या आधीच तोंड गोड! संध्याकाळी केट बाळाला घेऊन दारात उभी राहिली तेव्हा माझा जीव खालीवर झाला. दहा तास झाले नव्हते. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना उंबरा ओलांडू देत नाहीत, आणि ही उंच टाचांचे बूट घालून पायऱ्या उतरते आहे.

बकिंगहॅम राजवाड्याच्या अंगणात सोनेरी घोडी उभी केली होती, चित्रकार वापरतात तशी. तिच्यावर चौकटीतला कागद: डचेस (म्हणजे केट) सुखरूप प्रसूत झाल्या, कन्या झाली, दोघींची प्रकृती उत्तम. खाली डॉक्टरांच्या सह्या. लोक कठड्याच्या गजांतून हात घालून त्याचे फोटो काढत होते. रात्री ट्रफाल्गार चौकातली कारंजी गुलाबी झाली.

सोमवारी, 4 मेला, तिथे सुट्टी होती. मुलगा मला बाळाच्या सलामीच्या तोफा बघायला हाइड पार्कला घेऊन गेला. घोडे सहा तोफा ओढत दौडत आले, मातीचा वास उठला, आणि दुपारी दोनला पहिला बार झाला. मी बोटांच्या पेरांवर मोजत होते. एक्केचाळीस. मुलाने सांगितलं, एकवीस नेहमीचे आणि बाग राजघराण्याची म्हणून वर वीस. तिकडे टॉवर ऑफ लंडनला बासष्ट. मी त्याला विचारलं, जॉर्जच्या वेळी किती होते? त्याने फोनवर पाहिलं. 2013 च्या जुलैतही एक्केचाळीस आणि बासष्टच. मी पुन्हा विचारलं, नीट बघ. तेवढेच. मुलगी म्हणून एक बार कमी नव्हता. मी तिथे हिरवळीवर उभी राहून रडले. त्याच दुपारी नाव जाहीर झालं, शार्लट एलिझाबेथ डायना.

मुलाच्या शेजारी एक नर्स राहायची. तिला हा सगळा थाट पटत नव्हता. आमच्या वॉर्डात रोज बाळं जन्मतात, त्यांच्यासाठी कोण तोफ उडवतं, असं ती म्हणाली. तिचं खरं होतं. मुलाने तिला सांगितलं की जॉर्जच्या वेळी तिथल्या टांकसाळीने त्याच दिवशी जन्मलेल्या बाळांसाठी 2,013 चांदीच्या पेनी ठेवल्या होत्या. ती म्हणाली, त्यापेक्षा दोन नर्स जास्त द्या. तेही खरंच. आणि तिथे पहिला मुलगा असल्यामुळे लोकांना मुलीचीच हौस होती, हेही मला कळतं. पण हौस निराळी, हक्क निराळा. त्याच वर्षी 26 मार्चला तिथे गादीच्या वारसाचा नवा कायदा लागू झाला होता: पाठीमागून भाऊ जन्मला तरी बहिणीची जागा जाणार नाही. शार्लट त्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी जन्मली. पुढे 2018 मध्ये तिचा धाकटा भाऊ लुई झाला तेव्हा गादीच्या रांगेत ती चौथीच राहिली, तो पाचवा. तेव्हाच्या राणीची, एलिझाबेथची, लेक अॅन हिचं तसं झालं नाही. तिचा जन्म 1950 चा, आपला 15 ऑगस्ट. 1960 मध्ये अँड्र्यू आणि 1964 मध्ये एडवर्ड झाला, आणि दोन्ही वेळा हिला मागे सरकवून धाकट्यांना पुढे बसवलं. अॅनची गोष्ट ऐकल्यावर मला आमच्या घरातली पंगत आठवली.

मी चार भावांच्या आधी झालेली. माझ्या जन्माला गूळसुद्धा वाटला नव्हता, असं आत्या सांगायची. पहिल्या भावाच्या वेळी मात्र आजोबांनी घडियाळी पोळेत घरोघर पेढे पाठवले. हे सगळं त्या बडोद्यात, जिथे सयाजीरावांनी 1906 पासून संस्थानभर मुलींनाही शाळा सक्तीची केली होती. मी शिकले, नोकरी केली, ते त्या पुण्याईवर. मिठाईच्या काउंटरवर मात्र अजून "शुं आव्युं?" विचारतात.

आता तक्रारी. या दुकानाची खोकी फार हलकी आहेत. रिक्षात दोन खोक्यांची झाकणं उघडली आणि काही पेढे चेपले. मी मालकांना सांगितलं, त्यांनी न बोलता पाव किलो वर दिले, पण पुठ्ठा बदलायलाच हवा. केशरी पेढा घेऊ नका, त्यात केशरापेक्षा रंग जास्त वाटला. फोनवर ऑर्डर घेत नाहीत, स्वतः जावं लागतं. रविवारी दुपारी बंद. दोन किलोच्या वर हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा, तयार माल थोडाच ठेवतात आणि सकाळचा असला तरच विकतात. पायऱ्या उंच आहेत, माझ्या वयाच्या बायकांनी जपून चढा.

सहा किलो असे गेले: एक किलो दवाखान्यात, आधी आयांना आणि रात्रपाळीच्या नर्सना, मग डॉक्टरांना. अडीच किलो आमच्या सोसायटीत. दीड किलो सुरतेला लेकीच्या सासरी. एक किलो नातेवाइकांत. सुरतेहून विहीणबाईंचा फोन आला, "अहो, खोकं बदललं का दुकानात? पेढे आलेत." मी म्हटलं, "नाही, पेढेच सांगितले होते." त्या जरा थांबल्या, मग "बरं बरं" म्हणाल्या आणि बाळाच्या दुधाबद्दल विचारायला लागल्या. मोठी नात, पाच वर्षांची, सोसायटीत प्रत्येक दारात स्वतः खोकं धरून गेली. "मला बहीण झाली" एवढंच म्हणायची आणि समोरचा काही बोलायच्या आत पेढा पुढे करायची.

शेवटचं खोकं आत्याकडे नेलं. ती आता एक्क्याण्णव वर्षांची आहे, तोंडात दात नाहीत. तिने पेढा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला, अंगठ्याच्या खळगीवर स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला. अर्धा चघळत चघळत खाल्ला. उरलेला अर्धा कागदात गुंडाळून उशीजवळ ठेवला आणि विचारलं, "बारशालाही हेच का?"

बारसं सव्वा महिन्याने आहे. चार किलो सांगून आले, खोकी माझी मी नेणार आहे.