नवा शब्द शिकवताना: शब्दार्थ की पातळीवार वाक्ये?

‘काटकसर = बचत’ असा शब्दार्थ फळ्यावर लिहायला मिनिटही लागत नाही. पण मूल पुढे लिहिते, ‘मी बँकेत शंभर रुपये काटकसर केली.’ समानार्थी शब्द जसाच्या तसा अदलाबदल करता येतो, असेच त्याला वाटलेले असते.

पातळीवार वाक्यांना, म्हणजे इयत्तेनुसार सोप्या-अवघड वाक्यांना, वेळ जास्त लागतो, पण शब्द कसा वापरायचा तेही त्यातूनच कळते.

दुसरीसाठी: ‘आई काटकसर करते. उरलेली कोरी पाने शिवून वही बनवते.’ यात जोडाक्षर एकही नाही.
चौथीसाठी: ‘पगार कमी असल्यामुळे बाबा काटकसरीने घर चालवतात.’ इथे कारण आले आणि सामान्यरूपही (‘ने’ लागण्याआधी ‘काटकसर’चे ‘काटकसरी’ झाले).
सहावीसाठी: ‘काटकसरी माणूस गरजेला खर्च करतो, कंजूष तेव्हाही हात आखडता घेतो.’

सोपे करायचे ते आजूबाजूचे शब्द. शिकवायचा शब्द तोच ठेवायचा. खालच्या पातळीवर ‘काटकसर’ काढून ‘बचत’ घातली, तर मूल मूळ शब्दाला मुकते.

ही पद्धत फसते ती पोकळ वाक्यांमुळे. ‘काटकसर ही चांगली सवय आहे’ या वाक्यात ‘व्यायाम’ किंवा ‘वाचन’ही चपखल बसते, म्हणजे अर्थ कळतच नाही. म्हणून वाक्य देण्याआधी शब्द झाकून पाहावा. रिकाम्या जागी भलताच शब्द सहज बसत असेल, तर वाक्य बदलावे.

नांगर, सूप, जाते अशा वस्तूंसाठी मात्र चित्र आणि एका ओळीचा अर्थ पुरतो. भाववाचक नामे आणि क्रियापदे यांच्यासाठी वाक्येच हवीत.