काकांचं दुकान, एक हजार वीस ग्रॅमची बॅट आणि केंटच्या मुली

इंदूरच्या नेहरू स्टेडियमजवळच्या एका गल्लीत क्रिकेटच्या सामानाचं एक जुनं दुकान आहे. पाटीवरची अक्षरं उन्हाने उडालीत, त्यामुळे नाव कोणी घेत नाही. रामबागेपासून लोकमान्यनगरपर्यंत आम्ही सगळे त्याला 'काकांचं दुकान' म्हणतो. गेल्या महिन्यात लेकीसाठी तिथून पहिली इंग्लिश विलो लाकडाची बॅट घेतली. लेक तेरा वर्षांची आहे, ओपनिंगला जाते, उंची पाच फुटांना एक बोट कमी. इंदूरमध्ये ज्यांच्या मुली खेळतात त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधीची बॅट शहरातल्याच एका मोठ्या, एसी दुकानातून घेतली होती. तिथल्या माणसाने लेकीकडे एकदाही वळून पाहिलं नाही. "मॅडम, शॉर्ट हँडलच न्या, दोन वर्षांत मोठी होईलच," असं मलाच सांगितलं आणि मी ऐकलं. शॉर्ट हँडल म्हणजे मोठ्या माणसांच्या पूर्ण मापाची बॅट. शाळेचा युनिफॉर्म घेतो तशी वाढत्या अंगाची बॅट घेतली. ती भरली ११८० ग्रॅम. चार महिन्यांत मुलीचा कटचा फटका बंद झाला, बॅट उशिरा खाली यायला लागली आणि रात्री मनगटाला शेक द्यायची वेळ आली. क्रिकेटच्या सरांनी एक दिवस ती बॅट हातात घेऊन विचारलं, "ही हिच्या दादाची आहे का?" तिला दादा नाही. मला फार वाईट वाटलं, कारण पैसे वाचवायचे म्हणून ती बॅट मीच पसंत केली होती.

काकांनी आधी मला स्टुलावर बसवलं आणि पुढचा पाऊण तास फक्त लेकीशी बोलले. कुठल्या नंबरला खेळतेस, मॅटवर की टर्फवर, पुढे येऊन खेळायला आवडतं की मागे. मग तिच्या उंचीच्या, सहा नंबर मापाच्या पाच बॅटी काउंटरवर ओळीने मांडल्या. "बेटा, खालचा हात काढ. फक्त वरच्या हाताने उचल, समोर आडवी धर, मी वीस म्हणेपर्यंत." पहिली बॅट बाराला खाली आली. दुसरी पंधराला. तिसरीला मनगट थरथरलं, पण वीस झाले. चौथीला तिने वीसनंतरही हात खाली घेतला नाही, नुसती माझ्याकडे बघून हसली. ती बॅट १०२० ग्रॅमची, सात ग्रेनची (म्हणजे पात्यावर लाकडाच्या सात उभ्या रेषा), टाचेजवळ एक तपकिरी डाग असलेली. डागामुळे मी नाक मुरडलं, तर काकांनी लाकडी हातोडीने डागावर आणि डागाच्या बाजूला ठोकून दाखवलं. दोन्हीकडे आवाज सारखाच. "डागाने काही होत नाही ताई. उलट त्याच्यामुळे तुमचे दीड हजार वाचतायत." किंमत ९२०० रुपये. बॅटीच्या खालच्या टोकाला लावायचा टो गार्ड आणि दुसरी ग्रिप त्यातच, आणि ग्रिप लेकीच्या बोटांच्या मापाने खालच्या बाजूला थोडी पातळ ठेवून चढवली.

पण या दुकानावर माझा जीव जडला तो बॉलमुळे. मी सहज अर्धा डझन लेदर बॉल मागितले, तर काका म्हणाले, "मुलींचे ना?" माझ्या आयुष्यात कुठल्याही दुकानदाराने हा प्रश्न विचारलेला नव्हता. पुरुषांचा बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, बायकांचा १४० ते १५१ ग्रॅमचा, घेरही थोडा लहान. नियमातच तसं आहे. तरी आमच्या मुली वर्षभर मोठ्या बॉलने सराव करतात आणि स्पर्धेत अचानक दुसराच बॉल हातात येतो; ऑफस्पिन टाकणाऱ्या मुलीची बोटं शिवणीवर वेगळीच बसतात. काकांनी आतल्या पोराला हाक मारून काटा मागवला, सहाही बॉल एकेक करून ठेवले. १४४, १४७, १४३, १४६, १४५. सहावा १५२ भरला, तो त्यांनी न बोलता बाजूला ठेवला आणि दुसरा आणला.

काउंटरमागच्या भिंतीवर काचेत एक पिवळं पडलेलं कात्रण आहे: १९८६, वर्सेस्टर, संध्या अग्रवाल १९०. आपल्या इंदूरची मुलगी एका इंग्लिश काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या संघाच्या, मैदानावर नऊ तासांहून जास्त उभी राहिली आणि तेव्हाचा बायकांच्या कसोटीतला जागतिक विक्रम घेऊन आली. त्याआधीचा विक्रम इंग्लंडच्या बेटी स्नोबॉलचा, १८९, तोही १९३५ सालचा. काकांना इथवर सगळं पाठ आहे. पुढचं मी सांगितलं. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या डेनिस ॲनेट्सने १९३ करून जागतिक विक्रम नेला, पण इंग्लंडपुरता स्नोबॉलचा आकडा आणखी किती तरी वर्षं तसाच राहिला. तो २०२३ मध्ये ट्रेंट ब्रिजला मोडला. टॅमी बोमाँट, २०८. जन्म डोव्हरचा, काउंटी केंट, आणि उंचीने माझ्या लेकीसारखीच लहानखुरी. हे ऐकल्यावर लेकीने बॅट पुन्हा एकदा हातात घेऊन बघितली.

केंट म्हटलं की मला थांबवणं कठीण, आणि त्याचं मूळ याच गल्लीच्या टोकाला, नेहरू स्टेडियममध्ये आहे. डिसेंबर १९९७. बायकांचा वर्ल्ड कप भारतात होता आणि १७ तारखेला आपल्या इथे भारत-न्यूझीलंड सामना होता. मी सतरा वर्षांची. आत्याबरोबर डब्यात पोळी-भाजी घेऊन गेले होते. निघायच्या आधी पेपरात वाचलं की आदल्या दिवशी पुण्यात इंग्लंडच्या एका मुलीने आयर्लंडविरुद्ध नाबाद १७३ केल्या. शार्लट एडवर्ड्स. ती अठराव्या वर्षात होती, म्हणजे माझ्याच वयाची. त्याच १६ तारखेला मुंबईत ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने नाबाद २२९ केल्या होत्या, पण माझ्या डोक्यात राहिली ती एडवर्ड्स. इंदूरचा सामना त्या दिवशी टाय झाला. शेवटच्या षटकांत आत्याने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडीचा वळ उठला. आणि तो दिवस एडवर्ड्सचा अठरावा वाढदिवस होता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

मग तिच्या मागे मागे मी केंटपर्यंत पोचले. तिथे बायकांची काउंटी चॅम्पियनशिप १९९७ मध्येच सुरू झाली होती. एडवर्ड्स ईस्ट अँग्लियातून केंटकडे आली आणि वर्षानुवर्षं तिने तो संघ सांभाळला. केंटने पहिलं विजेतेपद २००६ मध्ये मिळवलं. त्यानंतर २००७, २००९, २०११, २०१२, २०१४, २०१६ आणि स्पर्धेच्या अगदी शेवटच्या मोसमात, २०१९ मध्ये. आठ वेळा, इतर कुणाहीपेक्षा जास्त. शेजारच्या ससेक्सशी तर अशी चुरस होती की २००३ ते २०१४ ही बारा वर्षं चषक या दोन घरांबाहेर गेलाच नाही. स्कोअरकार्ड मी सायबर कॅफेत बसून बघायची, नंतर फोनवर. लिडिया ग्रीनवे डावखुरी, आणि फील्डिंग अशी की तिच्या काळात बायकांमध्ये तिच्या तोडीची शोधून काढावी लागे. लॉरा मार्शने आधी मध्यमगती टाकली, मग ऑफस्पिन धरला आणि त्यावर मोठी झाली. माझी लेक आठव्या वर्षी ऑफस्पिन टाकायची तेव्हा तिला मी मार्शचेच व्हिडिओ दाखवायची.

या संघात पैसा नव्हता, हे लक्षात ठेवायला हवं. इंग्लंडच्या बायकांना पूर्णवेळ करार मिळाले ते २०१४ मध्ये. एडवर्ड्स १९९६ मध्ये देशाकडून पहिल्यांदा खेळली तेव्हा स्कर्ट घालून खेळली आणि ब्लेझरचे पैसे तिला स्वतः भरावे लागले. तिचे वडील बटाट्याची शेती करायचे. बॅटीसाठी ९२०० रुपये मोजताना मला हे आठवत होतं.

आणि आता काय झालं? २०२५ मध्ये इंग्लंडने बायकांचं काउंटी क्रिकेट नव्याने बांधलं. वरच्या गटात आठ काउंट्या घेतल्या आणि त्यांत केंट नाही. यॉर्कशायरला २०२६ची, ग्लॅमॉर्गनला २०२७ची जागा ठरली. आठ विजेतेपदं घेतलेला संघ दुसऱ्या गटात! मी हे बोलले तेव्हा काकांनी हातातला कपडा खाली ठेवला. "म्हणजे आपल्या होळकरांसारखंच," ते म्हणाले. इंदूरचा जुना होळकर संघ: सी. के. नायडू, मुश्ताक अली, चार रणजी विजेतेपदं, आणि मग संघच राहिला नाही. केंट निदान आहे, खेळतंय.

२०२५ मध्ये दिवाळीच्या पाडव्याला, २२ ऑक्टोबरला, मी आणि लेक होळकर स्टेडियममध्ये होतो. इंग्लंड-ऑस्ट्रेलिया. सलामीला बोमाँट, तिने ७८ केल्या. इंग्लंडची कोच म्हणून मैदानात एडवर्ड्स. अठ्ठावीस वर्षांनी ती माझ्या गावात, मी पन्नाशीकडे झुकलेली, बाजूला माझी पोर. नंतर ऑस्ट्रेलियाच्या सदरलंड आणि गार्डनर यांनी सामना काढून नेला, पण घरी येताना लेक फक्त एकच म्हणाली, "आई, तिची बॅट किती पटकन खाली येते." नवीन बॅट घ्यायचं तेव्हाच ठरलं होतं.

आता दुकानाच्या उणिवा. मुलींसाठीचं चेस्ट गार्ड त्यांच्याकडे नव्हतं. मागवून द्यायला बावीस दिवस लागले आणि मला तीन वेळा फोन करावा लागला. थाय पॅड घालून बघायला आडोसा नाही. पांढरी पँट फक्त मुलांच्या बेताची, कमरेत मोठी आणि मांडीत घट्ट. मी काकांना स्पष्ट सांगितलं की बॉल तोलणाऱ्या माणसाच्या दुकानात एक पडदा लावायला काय हरकत आहे. त्यांनी मान हलवली, वहीत लिहून घेतलं. चेस्ट गार्ड आणायला गेले तेव्हा मागच्या कोपऱ्यात दोरी बांधलेली दिसली, पडदा अजून यायचा होता. पँटीचं काही झालेलं नाही.

बॅटीला त्यांनी पहिला हात स्वतः कच्च्या जवसाच्या तेलाचा लावून दिला आणि घरी काय करायचं ते लेकीकडून दोनदा वदवून घेतलं: तेल कमी, कडांना हलक्या हाताने, नवी बॅट तयार व्हावी म्हणून हातोडी रोज अर्धा तास, नवा बॉल दोन आठवडे नाही. आमच्या गॅलरीत सध्या संध्याकाळी सात ते साडेसात ठकठक चालू असते. मनगटाचा शेक बंद झालाय. परवा नेटमध्ये तिने बऱ्याच महिन्यांनी स्क्वेअर कट मारला, पॉइंटच्या डावीकडून, जमिनीलगत.

दुकान दुपारी दोन ते पाच बंद असतं आणि गाडी लांब लावावी लागते. जाल तर मुलीला बरोबर न्या. मी आधी एकटीच गेले होते, तर काकांनी मला एकही बॅट दाखवली नाही.