गुडघ्याने पान उलटणारी पट्टी: अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

आमचं भजनी मंडळ फोंडा तालुक्यातलं. अभंग, गजर, आरत्या सगळं आता लॅपटॉपवर पीडीएफमध्ये असतं. पेटी वाजवताना उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा भात्यावर, मग पान उलटायचं कोणी? पायाने दाबायचे तयार ब्लूटूथ पेडल मिळतात, त्यांना काही हजार मोजावे लागतात आणि ते खुर्चीवर बसणाऱ्यांच्या सोयीचे. मांडी घालून बसलेल्याचं पाऊल अडकलेलं असतं, गुडघा मात्र मोकळा असतो. म्हणून प्रो मायक्रो नावाचा, प्रोग्रॅम भरता येणारा छोटा बोर्ड आणि दाब ओळखणारी पातळ सेन्सर-पट्टी आणून जोडणी केली. सगळं हजाराच्या आत बसलं. पावसाळ्याआधीपासून ते रोजच्या वापरात आहे.

या बोर्डावरच्या एटीमेगा ३२यू४ चिपमध्ये यूएसबी आतच आहे. केबल लावली की लॅपटॉपला तो साधा कीबोर्डच वाटतो, ड्रायव्हर लागत नाही. टॅबला यूएसबी उपकरण जोडणाऱ्या ओटीजी केबलने अँड्रॉइड टॅबलाही चालतो.

खरा कस लागतो तो सेन्सर निवडताना. स्पर्श ओळखणारी टीटीपी२२३ची चकती स्वस्त आणि मे महिन्यात झकास चालणारी. जूनमध्ये हवा ओली झाली, घामट कापड वर आलं, आणि कोणी हात न लावता पानं पळू लागली. ती चकती विद्युत धारकतेतला बारीक फरक मोजते, आणि ओलावा नेमका तोच फरक घडवतो. आवाजावर चालणारा सेन्सर टाळ-घुमटांच्या गजरात ठेवण्यात अर्थ नाही. इन्फ्रारेडचंही तसंच, कारण निरांजनाच्या ज्योतीतूनही इन्फ्रारेड निघतं. दाबाची पट्टी यातल्या कशालाच दाद देत नाही. कापडी पिशवीत शिवून ती उजव्या गुडघ्याखाली सरकवली की काम सुरू.

पट्टीवर दाब वाढला की तिचा विद्युतरोध उतरतो. दहा हजार ओहमच्या रेझिस्टरबरोबर जोडली की बोर्डाला ० ते १०२३ मधला आकडा मिळतो. पण 'आकडा ५००च्या वर गेला की पान उलट' असं लिहून भागत नाही. गुडघा टेकलेलाच असतो, प्रत्येक बैठकीत वेगळ्या वजनाने, आणि सतत दाबाखाली या पट्टीचा आकडा आपोआप हळूहळू सरकत राहतो. म्हणून माझा प्रोग्रॅम विश्रांतीचा आकडा सावकाश शिकत राहतो. त्याच्यावर १२० चढलं की दाबलं, ६०च्या खाली उतरलं की सोडलं. दाब असेपर्यंत शिकणं बंद. दोन आकड्यांमधल्या या अंतरामुळे तालावर गुडघा किंचित हलला तरी पान जागचं हलत नाही. थोडा दाब म्हणजे पुढचं पान, जरा जास्त वेळ धरला तर मागचं. ध्रुवपदावर परत यायला ही सोय फार मोलाची आहे.

कळ 'दाबली' असं कळवल्यावर 'सोडली' हेही कळवावंच लागतं, नाहीतर संगणक तीच कळ पुन्हा पुन्हा मोजतो आणि काकड आरतीवरून थेट शेजारतीवर नेऊन ठेवतो. आणखी एक: कळ जाते ती समोर जी खिडकी चालू असेल तिला. मध्येच अपडेटची चौकट आली तर पान तिथेच राहतं. बसण्याआधी वायफाय आणि सूचना बंद करणं हाच त्यावर उपाय. पीडीएफ एका पडद्यावर एक पान अशी ठेवा, म्हणजे पान अर्धवट सरकत नाही.

तक्रारी दोन. बोर्डाचं मायक्रो यूएसबी तोंड नाजूक आहे, ओढ बसली की उखडतं. मी ते गरम गोंदाने पक्कं केलंय आणि केबल पेटीच्या पायाशी बांधून ठेवतो. दुसरी खाऱ्या हवेची. पिनांवर हिरवट थर धरतो, म्हणून वापर नसताना सगळं सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात जातं. पट्टीची शेपटी प्लास्टिकची असते, तिच्यावर थेट सोल्डरचा डाग देऊ नका, वितळते. दाबून बसणारा कनेक्टर घ्या.

चवथीत या पट्टीचं सोनं झालं. घरोघरी आरत्या, प्रत्येक घरी फर्माईश वेगळी, आणि सूर कुठे तुटला नाही. गाणाऱ्याने तान घेतली की पेटीने त्याच्या मागे राहायला हवं, आणि पानासाठी भाता सोडला की नेमकी तीच जागा रिकामी पडते. वर्षानुवर्षं ती पडत होती. आता मी पडद्याकडे कमी आणि गाणाऱ्याच्या तोंडाकडे जास्त बघतो. मंडळातल्या दुसऱ्या पेटीवाल्यालाही अशीच पट्टी करून दिली. त्याची मांडी जड, त्याला १२०च्या जागी १८० ठेवावे लागले.

बोर्ड मागवताना चिपवरचा आकडा वाचून घ्या. प्रो मिनी नावाचा बोर्ड दिसायला जवळपास असाच असतो, पण त्यावर ३२८पी चिप असते. तिच्यात यूएसबी नाही, त्यामुळे लॅपटॉपला तो थेट कीबोर्ड म्हणून दिसत नाही.