टेफ्लॉन लायनरवाला १०० मिलीचा ऑटोक्लेव्ह: झिंक ऑक्साइडसाठी घेत असाल तर थांबा

तीन स्टार देतोय, त्यातला एक सरांनी बिल लगेच पास केलं म्हणून.

पीएचडीला काचेवर नॅनोरॉड (केसाहून कितीतरी बारीक काड्या) वाढवायचे आणि यूव्ही पडली की करंट किती वाढतो ते बघायचं असं काम आहे, पेपरांमध्ये जिकडेतिकडे ऑटोक्लेव्ह वाचून मीपण मागवला, चार हजारांच्या आसपास पडला. जाड स्टीलचा डबा, आत पांढरं टेफ्लॉनचं भांडं, वर आट्यांचं झाकण. आईला फोटो पाठवला तर म्हणाली बिनशिट्टीचा कुकर आहे की, आणि आहेच तो.

आधी झिंक ऑक्साइड केलं. झिंक नायट्रेट आणि हेक्सामाइन दोन्ही २५ मिलीमोलर, सीड लेयरवाली (रॉड ज्यावर उगवतात तो पातळ थर) एफटीओ काच, म्हणजे वीज वाहणारं कोटिंग असलेली काच, कोटिंग खाली करून तिरकी टेकवायची (वर केली तर पांढरा गाळ सगळा रॉडांवर बसतो, माझी पहिली तीन सॅम्पलं अशीच गेली) आणि ओव्हन ९० डिग्रीला ५ तास. एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) षटकोनी टोकं दिसली तेव्हा लय भारी वाटलं. पण नंतर डोक्यात आलं, अरे ९० डिग्रीला पाणी उकळतपण नाही, मग प्रेशरचा डबा कशाला? निळ्या झाकणाच्या बोरोसिलच्या बाटलीत तेच करून बघितलं, रॉड तसेच आले. चार हजार गेले ना राव.

या रॉडांचा यूव्ही डिटेक्टर म्हणाल तर ३६५ नॅनोमीटरच्या एलईडीखाली करंट मस्त चढतो, बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला उजेडाची लागणारी किमान ऊर्जा) ३.३७ इव्ही असल्यामुळे ३६८ नॅनोमीटरच्या वरचा उजेड त्याला फारसा दिसत नाही. एलईडी बंद केल्यावर मात्र करंट उतरायला मिनिटं लागतात. ते ऑटोक्लेव्हच्या माथी मारू नका, रॉडांना चिकटलेला ऑक्सिजन यूव्हीत सुटतो आणि अंधारात परत चिकटायला वेळ घेतो म्हणून तसं होतं.

डबा खरा कामाला आला टायटॅनियम डायऑक्साइडला. अर्धं पाणी अर्धं कॉन्सन्ट्रेटेड एचसीएल, त्यात थोडं टायटॅनियम ब्युटॉक्साइड, १५० डिग्रीला रात्रभर, इथे बाटली चालणार नाही. पहिले पाच रन झकास. सहाव्याला झाकण उघडलं तर स्टीलच्या आतून तांबूस डाग, लायनरची कड जरा दबलेली आणि तिथून ॲसिडची वाफ निसटलेली. टेफ्लॉन दाबाखाली हळूहळू बसतं हे माहीत होतं, पण सहा रनमध्ये? विक्रेत्याला नुसता लायनर मागितला तर म्हणे सुटा मिळत नाही, पूर्ण सेट घ्या. 😑

घ्यायचाच असेल तर सुटा लायनर मिळतो का ते आधी विचारा, दोन तृतीयांशाच्या वर भरू नका आणि ओव्हनमध्येच गार होऊ द्या. गरम असताना लायनर फुगून डब्यात असा अडकतो की निघतच नाही, एकदा मी पकडीने ओढायला गेलो तर कडेला ओरखडा पडला, कदाचित गळती तिथूनच सुरू झाली असेल.